लोकवर्गणीतून लघुपट : सोलापुरात पैसा कसा उभा करावा आणि कसा सांभाळावा

सोलापुरात वर्गणी कशी मागावी हे कोणाला नव्याने शिकवावे लागत नाही. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, नवरात्र अशा प्रत्येक निमित्ताने गल्लोगल्ली पावती पुस्तके फिरतात आणि मंडळाचे नाव ऐकताच किती द्यायचे हे देणारा मनाशी ठरवून टाकतो. चित्रपटाची वर्गणी अवघड होते ती वेगळ्या कारणाने. गणपतीची वर्गणी दिलेल्या माणसाला आठ दिवसांत मांडव दिसतो, मूर्ती दिसते, विसर्जनानंतर फलकावर हिशेब दिसतो. चित्रपटासाठी पैसे दिलेल्या माणसाला मात्र वर्ष-दीड वर्ष काहीच दिसत नाही. तोवर त्याला दाखवण्यासारखी एकच वस्तू आपल्या हाती असते, ती म्हणजे जमाखर्च. त्यामुळे लोकवर्गणीतून लघुपट करू इच्छिणाऱ्यांनी सुरुवात पटकथेच्या वाचनाने किंवा क्यूआर कोडने न करता हिशेबाच्या वहीने करावी, असे माझे ठाम मत आहे.

अंदाजपत्रक : शेवटच्या दिवसापासून मागे

आमच्या गटाने पहिल्या लघुपटासाठी वर्गणी काढली, तेव्हा फक्त चित्रीकरणाचा खर्च धरला होता. पाच दिवसांचे चित्रीकरण उत्तम झाले, पैसे संपले आणि ध्वनिमिश्रणाविना तो लघुपट अकरा महिने हार्ड डिस्कमध्ये पडून राहिला. या काळात मंडईत, बसस्थानकावर, लग्नाच्या पंगतीत प्रत्येक देणगीदार एकच प्रश्न विचारत असे, आणि त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून अंदाजपत्रक नेहमी पहिल्या जाहीर प्रदर्शनाच्या दिवसापासून उलटे मांडत यावे.

उदाहरणादाखल पंचवीस मिनिटांचा, पाच दिवसांत चित्रित होणारा आणि अठरा माणसांच्या चमूचा लघुपट घेऊ. पुढील आकडे केवळ मांडणी समजावी म्हणून दिले आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक बाबीचे किमान दोन लेखी दरपत्रक मागवावेत. कॅमेरा, लेन्स, दिवे आणि ध्वनिमुद्रणाची साधने सोलापुरात हवी तशी मिळाली नाहीत तर पुण्याहून आणावी लागतात, आणि पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असल्याने जाण्यायेण्याच्या दोन दिवसांचेही भाडे धरावे लागते. दिवसाला १२,००० रुपयांप्रमाणे सात दिवसांचे ८४,००० रुपये झाले. वाहन व प्रवास ३०,०००. माणशी रोज ३०० रुपयांप्रमाणे चहा-नाश्ता-जेवण २७,०००. तंत्रज्ञांचे मानधन १,१०,०००. कलाकारांचे मानधन ४५,०००. जागाभाडे व परवाने १६,०००. इथवरचा खर्च सगळ्यांना सुचतो. त्यापुढे संकलन, ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्करण (दृश्यांचे रंग एकसारखे करणे) ९०,०००, दोन स्वतंत्र प्रती ठेवण्यासाठी हार्ड डिस्क १५,०००, उपशीर्षके ८,०००, सार्वजनिक प्रदर्शनासाठी लागणारे प्रमाणपत्र आणि महोत्सवांचे प्रवेशशुल्क २०,०००. ही बेरीज ४,४५,००० रुपये होते. त्यावर दहा टक्के अकल्पित खर्च, म्हणजे ४४,५०० रुपये, आणि वर्गणी गोळा करण्याचाच खर्च, म्हणजे पावती पुस्तके, छपाई, टपाल, भेटवस्तू यांचे ३०,५०० रुपये धरले की एकूण ५,२०,००० रुपये होतात.

वर्गणी मिळवण्यालाही खर्च येतो, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. त्याचप्रमाणे मित्रांना मानधन द्यायचे नाही असे ठरले असेल, तरी त्यांच्या कामाची रक्कम अंदाजपत्रकात लिहावी आणि जमेच्या बाजूला ‘श्रमदान’ म्हणून दाखवावी. चित्रपटाला खरोखर किती खर्च येतो हे त्यामुळे देणाऱ्याला कळते, आणि दुसऱ्या लघुपटाच्या वेळी हेच मित्र मानधन मागू लागले तर कोणाला धक्का बसत नाही.

काही बाबी सोलापूरच्या म्हणून आधीच लक्षात घ्याव्यात. भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्याने तेथील चित्रीकरणाला त्या खात्याची परवानगी आणि शुल्क लागते. कथेत बैल, शेळी किंवा कोंबडी असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. ती न घेतल्यास अडचण थेट प्रमाणपत्राच्या टप्प्यावर उभी राहते. यंत्रमागाच्या कारखान्यात चित्रीकरण असेल तर माग चालू असताना संवाद ध्वनिमुद्रित होणार नाहीत, आणि माग बंद ठेवले तर मालकाचे उत्पादन बुडेल व कामगाराची मजुरी जाईल. ती भरपाई ‘जागाभाडे’ या शीर्षकाखाली मावत नाही. तिच्यासाठी वेगळी ओळ हवी.

अंदाजपत्रक झाल्यावर आणखी एक निर्णय घ्यावा. ५,२०,००० रुपयांऐवजी साडेतीन लाखच जमले तर काय करायचे? दिवस कमी करून तीच कथा सांगता येते का, की पैसे परत करायचे? किमान रक्कम आणि अंतिम तारीख ठरवून ती आवाहनातच लिहावी, आणि त्या तारखेपर्यंत किमान रक्कम न जमल्यास प्रत्येकाला पैसे परत मिळतील असे स्पष्ट म्हणावे. याचा सरळ अर्थ असा, की किमान रक्कम पूर्ण होईपर्यंत त्यातला एक रुपयाही खर्च करता येत नाही. पावती पुस्तकांची छपाईसुद्धा तोवर गटाच्या स्वतःच्या खिशातून करावी.

पैसा कोणत्या नात्याने घ्यायचा

लोकांकडून पैसा तीन नात्यांनी घेता येतो: देणगी म्हणून, काही वस्तू किंवा आगाऊ प्रवेशिका देऊन, किंवा नफ्यातील वाट्याचे वचन देऊन. पहिल्या दोन वाटा छोट्या गटाला झेपतात. तिसरीपासून दूर राहावे. खाजगी कंपनीला जनतेला जाहीर आवाहन करून भागभांडवल गोळा करता येत नाही आणि तिच्या सभासदांची संख्या २०० च्या पुढे जाऊ शकत नाही. परतफेडीचे वचन देऊन लोकांकडून रकमा घेतल्या तर तो व्यवहार ठेवींच्या कक्षेत जाऊ शकतो, आणि त्यासाठी २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदीचा कायदा तसेच महाराष्ट्रातील १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा लागू होण्याचा धोका असतो. ‘चित्रपट चालला तर दुप्पट देऊ’ हे वाक्य उत्साहात कितीही सहज तोंडी आले, तरी ते कोणीही, कोठेही, गमतीनेसुद्धा उच्चारू नये.

देणगी या शब्दाचेही भान ठेवावे. धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करणारी मंडळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे परवानगी घेतात. आपला लघुपट कितीही तळमळीचा असला तरी तो धर्मादाय कार्य ठरत नाही; म्हणून एखाद्या मंडळाच्या परवानगीवर आपली वर्गणी काढू नये आणि प्राप्तिकरात सवलत मिळेल असे कोणाला सांगू नये. पैसा कोणा एकाच्या वैयक्तिक बचत खात्यात घेणेही चुकीचे आहे. नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाली, की ती संपूर्ण रक्कम त्या व्यक्तीचे करपात्र उत्पन्न ठरते. एकल मालकीची किंवा भागीदारीची छोटी संस्था नोंदवून तिच्या नावाने चालू खाते उघडावे आणि जमा कोणत्या शीर्षकाखाली दाखवायची, वस्तू व सेवा कर लागू होतो का, हे वर्गणी सुरू होण्यापूर्वी सनदी लेखापालाकडून लेखी समजून घ्यावे. परदेशी नागरिकत्व घेतलेले सोलापूरकर आपुलकीने पैसे देऊ करतात; परकीय अंशदान नियमन कायद्यानुसार ते परकीय स्रोत ठरतात, म्हणून ती रक्कम परस्पर स्वीकारू नये. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी माणूस नेहमीच्या बँक व्यवहारातून देत असेल तर हा प्रश्न येत नाही.

शासनाच्या अनुदानाचा विषय या टप्प्यावर बाजूला ठेवावा. मराठी चित्रपटांसाठीच्या अनुदानाचे परीक्षण पूर्ण झालेल्या, प्रमाणित चित्रपटाचे होते; चित्रीकरणाच्या सकाळी वाहनात डिझेल भरण्यासाठी ते उपयोगी पडत नाही.

कोणाकडे जायचे

लोकवर्गणीतील चित्रपटांचे नाव निघाले की १९७६ चा श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आठवतोच. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, हे सगळ्यांना माहीत असते. पण त्या दोन रुपयांसाठी पाच लाख दारे ठोठावावी लागली नव्हती, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गावोगावच्या सहकारी दूध संस्था आणि त्यांचा महासंघ हे जाळे आधीच विणलेले होते, आणि उत्पादकांचा त्यावर विश्वास बसलेला होता. याच्या अगदी उलट उदाहरण कन्नडमधील ‘लुसिया’चे आहे. २०१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटासाठी पवन कुमार यांनी इंटरनेटवरील आवाहनातून सुमारे ११० जणांकडून सुमारे ५० लाख रुपये उभे केले, म्हणजे माणशी सरासरी पंचेचाळीस हजार. एकीकडे फार मोठ्या संख्येने लोक आणि नगण्य रक्कम, दुसरीकडे थोडे लोक आणि मोठी रक्कम. आपला लघुपट या दोहोंपैकी कोणत्या बाजूला झुकणार, हे आधी ठरवले नाही तर शक्ती दोन्हीकडे विभागली जाते.

सोलापूरसाठी मला या दोहोंमधली वाट योग्य वाटते. वरील ५,२०,००० रुपयांची विभागणी अशी करता येईल: शंभर रुपये देणारे ५००, पाचशे देणारे ३००, दीड हजार देणारे १००, पाच हजार देणारे २० आणि पस्तीस हजार देणारे दोघे. ही माणसे ९२२ होतात. बारा कार्यकर्ते असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७७ देणगीदार येतात, आणि आठ आठवड्यांची मुदत धरल्यास आठवड्याला साधारण दहा. आकडा असा फोडून वहीत लिहिला, की काम आवाक्यात आहे की नाही हे पहिल्याच पंधरवड्यात कळते.

दीड हजार आणि त्यावरचे देणगीदार बहुधा ओळखीच्या वर्तुळातच असतात: शाळा-महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी, व्यापारी, डॉक्टर, आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेले सोलापूरकर. त्यांच्यासाठी फोन आणि ऑनलाइन आवाहन पुरेसे असते. शंभर रुपये देणारे पाचशे लोक मात्र प्रत्यक्ष भेटीशिवाय मिळत नाहीत, आणि तिथे आधीपासून उभ्या असलेल्या गटांकडे जावे लागते: भिशी, महिला बचत गट, कामगार संघटना, वाचनालये, तालमी, मंडळे. बचत गटाच्या सामाईक निधीतून रक्कम कधीही घेऊ नये. त्या निधीला त्याचे नियम असतात. बैठकीत बोलण्याची परवानगी मागावी आणि ज्यांना वाटेल त्यांनी स्वतःच्या पदरचे द्यावे. केरळमध्ये मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ गटाने १९८६ च्या ‘अम्मा अरियान’साठी गावोगाव फिरून चित्रपट दाखवले आणि मग लोकांकडून पैसे मागितले. आधी दाखवायचे आणि मग मागायचे, हा क्रम आपणही पाळावा. आपला आधीचा लघुपट पडदा बांधून गल्लीत दाखवावा. दुसऱ्या कोणाचा दाखवायचा असेल तर त्याच्या निर्मात्याची लेखी परवानगी घ्यावी.

या शहरात आवाहन एकाच भाषेत काढणे म्हणजे निम्म्या शहराकडे पाठ फिरवणे. पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांत घरची भाषा तेलुगू असते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलली जाते, आणि उर्दू तर शहरभर ऐकू येते. लघुपट मराठी असला तरी आवाहनाचे पत्रक चारही भाषांत असावे, आणि ते त्या त्या भाषेत घरी बोलणाऱ्या माणसाने लिहिलेले असावे. दारात ‘अक्का’ किंवा ‘अण्णा’ अशी हाक मारून त्यांच्याच भाषेत चार वाक्ये बोलणारा कार्यकर्ता सोबत असेल, तर आपण का आलो आहोत हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही समजते.

वेळेचे गणित अवघड आहे आणि त्यावर आमच्या गटात पुष्कळ वाद झाले आहेत. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्यामुळे चित्रीकरण दिवाळीनंतर ते जानेवारीच्या सुमारास सोयीचे. त्याआधी पैसे हवेत, तर गणेशोत्सव आणि नवरात्राच्या वर्गण्या चालू असतात, जूनमध्ये शाळांची फी असते. आमचा अनुभव असा, की जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपल्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात मोकळा असतो. तेव्हाही शिवजयंतीची तयारी असते, आंबेडकर जयंतीची सुरू होते, म्हणून त्या भागातील मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आधी भेटून आपले दिवस सांगावेत. त्यांना विश्वासात घेतले की तीच मंडळी आपल्यासोबत दारोदारी फिरतात.

दोन मर्यादा मात्र कटाक्षाने पाळाव्यात. ज्यांच्या आयुष्यावर आणि ज्यांच्या घरात चित्रीकरण करणार, त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये. विडी वळणाऱ्या महिलेच्या घरात दिवसभर कॅमेरा लावायचा, तिची त्या दिवसाची मजुरी बुडवायची आणि वर तिच्याकडूनच शंभर रुपये घ्यायचे, हे मला अन्यायाचे वाटते. तिला त्या दिवसाची मजुरी आणि वर मानधन मिळाले पाहिजे. दुसरी मर्यादा म्हणजे कोणा एकाची रक्कम एकूण अंदाजपत्रकाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. निवडणुकीच्या वर्षात कोणीतरी संपूर्ण खर्च उचलण्याची तयारी दाखवतो. त्याला आभार मानून नकार द्यावा, कारण त्यानंतर तो लघुपट त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि शंभर रुपये देणाऱ्याला आपल्या शंभराची लाज वाटू लागते.

आवाहन

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपून ती चित्रफीत दाखवली होती. हे तंत्र आपल्याला येते, एवढाच पुरावा त्यांनी दिला. आजच्या दोन मिनिटांच्या चित्रफितीनेही तेवढेच करावे. कथेच्या प्रत्यक्ष ठिकाणी चित्रित केलेला एक प्रसंग, आणि त्यानंतर दिग्दर्शकाने कॅमेऱ्याकडे पाहून रक्कम, मुदत व परतीची अट सांगावी. पुरस्कारांचे किंवा मोठ्या महोत्सवांचे वचन देऊ नये. पत्रक पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

“सप्रेम नमस्कार. यंत्रमागावर रात्रपाळी करणारे वडील आणि त्यांची शाळकरी मुलगी यांची पंचवीस मिनिटांची गोष्ट आम्ही सोलापुरातच चित्रित करणार आहोत. त्यासाठी ५,२०,००० रुपये लागतील. सविस्तर अंदाजपत्रक मागील पानावर आहे. ३१ मार्चपर्यंत किमान ३,५०,००० रुपये न जमल्यास प्रत्येकाची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल. ही गुंतवणूक नाही; यातून आर्थिक परतावा मिळणार नाही. आपले नाव श्रेयनामावलीत येईल आणि पहिल्या खेळाला आपल्याला निमंत्रण असेल. दर रविवारी जमाखर्च जाहीर होईल.”

भेटवस्तू स्वस्त आणि इथली असावी. पाचशे रुपये देणाऱ्याला अडीचशेची वस्तू दिली तर वर्गणी अर्धीच उरते. पाच हजारांच्या देणगीदाराला सोलापुरी टॉवेल द्यावा, बाकीच्यांना नाव आणि निमंत्रण पुरे. नावांचेही गणित आहे. ९२२ नावे तीन स्तंभांत लावली तरी तीनशेहून अधिक ओळी होतात आणि सेकंदाला दोन ओळी सरकल्या तरी अडीच मिनिटे जातात. ती मिनिटे आनंदाने द्यावीत. पावती लिहितानाच नाव कसे लिहायचे हे त्या माणसाला विचारून घ्यावे. तेलुगू आणि कन्नड आडनावे अंदाजाने लिहिली की हमखास चुकतात, आणि पडद्यावर चुकलेले नाव नंतर दुरुस्त करता येत नाही.

पैसा हातात आल्यावर

खाते दोघांच्या संयुक्त सहीने चालावे, आणि त्या दोघांत दिग्दर्शक नसावा. चित्रीकरणाच्या घाईत दिग्दर्शकाला प्रत्येक खर्च अत्यावश्यक वाटतो, ते स्वाभाविकही आहे. म्हणून ‘नाही’ म्हणणारा खजिनदार वेगळा हवा. पावती पुस्तकांना छापील अनुक्रमांक असावेत, कोणते पुस्तक कोणाकडे आहे याची नोंद असावी, आणि संपलेले किंवा अर्धवट पुस्तक स्थळप्रतींसह परत आल्याशिवाय नवे देऊ नये. रोख रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. कार्यकर्त्याने ती स्वतःकडे ठेवून स्वतःच्या मोबाइलवरून तेवढेच पैसे पाठवणे ही सोय वाटते, पण त्यामुळे देणाऱ्याचे नाव आणि खात्यातील नाव जुळत नाही. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा असावा, आणि ऑनलाइन देणाऱ्यालाही पावती जावी.

दर रविवारी तीन ओळी जाहीर कराव्यात: या आठवड्यातील जमा, या आठवड्यातील खर्च, शिल्लक. ज्या आठवड्यात काहीच जमले नाही त्या आठवड्यातही त्या लिहाव्यात. आमच्या दुसऱ्या लघुपटाच्या वेळी सलग तीन रविवार जमेच्या ओळीत शून्य होते आणि ते लिहू नये असा आमच्यातील काहींचा आग्रह होता. आम्ही लिहिले. चौथ्या आठवड्यात एका वाचनालयातील वृद्ध सभासदांनी आपल्या ओळखीच्या सतरा जणांची यादी आणून दिली; शून्य वाचूनच ते आले होते.

संकलन लांबले, कलाकार आजारी पडला, पावसामुळे दिवस गेला, तर ते त्याच रविवारी कळवावे. एका शीर्षकातील रक्कम दुसऱ्या शीर्षकात वळवली तर तेही कारणासह लिहावे.

लघुपट पूर्ण झाल्यावर सार्वजनिक प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि त्यासाठी लागणारा वेळ धरूनच पहिल्या खेळाची तारीख ठरवावी. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात देखणा समारंभ करण्याचा मोह होतो आणि त्यात गैर काही नाही. पण पहिला खेळ शंभर रुपये देणाऱ्यांच्या वस्तीत व्हावा, संध्याकाळी, कामाची पाळी सुटल्यानंतर, आणि तिथल्या लोकांना चालत येता येईल अशा जागी. पडद्याशेजारी अंतिम जमाखर्चाचा फलक लावावा: अंदाज किती होता, प्रत्यक्षात किती लागले, श्रमदान किती, शिल्लक किती. शिल्लक उरली तर तिचे काय करायचे हे आवाहनाच्या वेळीच ठरलेले असावे. आमच्याकडे ६,१४० रुपये उरले होते. ते पुढच्या वर्षी लघुपट करणाऱ्या महाविद्यालयीन गटाच्या पावती पुस्तकांच्या छपाईला दिले आणि तीच फलकावरची शेवटची नोंद होती.